स्वतःचा रूट सर्व्हर चालवायचा म्हणजे नेमकं काय काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार-पाच जणांचा गट आहे, भाड्याचे तीन लहान सर्व्हर हाताशी आहेत आणि त्यांवर स्वतःचा डीएनएस रूट चालवायचा आहे. (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा, रूट म्हणजे तिची सगळ्यात वरची पायरी.) नेहमीची सगळी डोमेन चालली पाहिजेत, शिवाय स्वतःची दोन-तीन टीएलडी (डॉट कॉमसारखी शेवटची नावं) हवीत. जमेल का, परवानगी लागते का, सुरुवात कुठून करायची?

जमेल. परवानगी लागत नाही. सुरुवात मात्र सर्व्हरपासून करू नका, रिझॉल्व्हरपासून, म्हणजे तुमच्या वतीने नावांचे पत्ते शोधून आणणाऱ्या प्रोग्रामपासून करा. असा एक रूट मी काही वर्षं सांभाळला आहे. त्यातले तीन-चार फटके सांगतो, म्हणजे तेवढे तरी तुमचे वाचतील.

रूट ही कुठे ठेवलेली वस्तू नाही. प्रत्येक रिझॉल्व्हरजवळ हिंट्स नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात ‘ए’ ते ‘एम’ अशी तेरा नावं आणि त्यांचे आयपी पत्ते असतात. तेराच का, तर पूर्वी यूडीपीवरचं डीएनएस उत्तर ५१२ बाइटांत बसवावं लागे आणि तेवढ्यात इतकीच नावं मावत. ही तेरा नावं बारा संस्था चालवतात (‘ए’ आणि ‘जे’ दोन्ही व्हेरिसाइन कंपनीकडे आहेत), आणि एनिकास्टमुळे, म्हणजे एकच पत्ता अनेक यंत्रांनी वापरण्याच्या युक्तीमुळे, त्यांच्यामागे जगभरात दीड हजारांहून जास्त ठिकाणी यंत्रं उभी आहेत. पण या सगळ्या डोलाऱ्याला अधिकार मिळतो तो त्या छोट्या फाइलीतून. जगातले बहुतेक रिझॉल्व्हर तीच फाइल वापरतात, म्हणून तो अधिकृत रूट. तुमच्या रिझॉल्व्हरमध्ये तुम्ही वेगळे पत्ते लिहिले की तुमच्यापुरता रूट बदलला.

हे फक्त सिद्धान्तात खरं आहे असं वाटत असेल, तर १९९८ सालची २८ जानेवारी आठवा. इंटरनेटच्या नावांचा आणि पत्त्यांचा कारभार तेव्हा पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल करून सांगितलं की झोन फाइल (रूटमधल्या नोंदींची यादी) नेहमीच्या ठिकाणाहून न घेता आता माझ्याकडून घ्या. आणि त्यांनी घेतली! वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही, कारण झोनमधला मजकूर तोच होता. अमेरिकी सरकारच्या दबावानंतर आठवडाभरात सगळं पूर्ववत झालं आणि त्याच वर्षी पुढे नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तात्पर्य काय, तर सर्व्हर कोणाचे यापेक्षा त्यांना विचारणारे कोण आणि किती, यावर रूट ठरतो.

परवानगीबद्दल एक पुरवणी. आपल्या यंत्राने कोणाला विचारावं हे ठरवायला कोणाची मुभा लागत नाही, पण दुसऱ्याच्या यंत्राला न सांगता वळवणं हा गुन्हा आहे. आल्टरनिक हा पर्यायी रूट चालवणाऱ्या यूजीन काशपुरेफने जुलै १९९७ मध्ये इतरांच्या नेमसर्व्हरची (नावांची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरची) कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवलेली उत्तरं, दूषित करून इंटरनिक या डोमेन नोंदणीच्या साइटकडे जाणारे लोक स्वतःच्या साइटवर नेले. त्याला कॅनडात अटक झाली आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण स्वतःच्या हाताने सेटिंग बदलून आलेला असावा. राउटरमध्ये गुपचूप बदल, ‘सोयीसाठी’ आपोआप बसणारा प्लग-इन, असलं काही करू नका.

आता मुख्य प्रश्न: हे कशासाठी हवंय? याचं उत्तर तुमच्या गटात सगळ्यांचं एकच आहे का, हे आधी तपासा. आमचं नव्हतं.

वेग, खासगीपणा, बाहेरचे रूट सर्व्हर पोचले नाहीत तरी काम चालू राहावं, यासाठी हवं असेल तर पर्यायी रूटची गरजच नाही. अधिकृत रूट झोनची प्रत आपल्याच रिझॉल्व्हरमध्ये ठेवण्याची पद्धत आरएफसी ८८०६ मध्ये लिहिलेली आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). रूट झोन आहे तरी केवढा? चौदाशेहून जास्त टीएलडी, सगळं मिळून दोन-अडीच मेगाबाइटचा मजकूर. काही रूट सर्व्हर तो उघडपणे एएक्सएफआरने (सबंध झोन एकदम पाठवण्याच्या पद्धतीने) देतात. अनबाउंड या रिझॉल्व्हरमध्ये पाच-सहा ओळींत हे काम होतं, नोंदींवरच्या डिजिटल सह्या मूळच्याच राहतात आणि कोणाला काही समजावत बसावं लागत नाही.

आपल्या गटापुरती दोन-तीन नावं हवी असतील, तरीही रूट नको. प्रत्येकाने आपल्या रिझॉल्व्हरमध्ये त्या टीएलडीपुरता एक स्टब झोन लिहायचा: या नावांसाठी अमुक सर्व्हरला विचार, बाकी सगळं नेहमीच्या वाटेने. डीएनएससेकची, म्हणजे उत्तरांवरच्या सह्यांची, तपासणी फक्त त्या नावांपुरती सैल करायची. तुमचे सर्व्हर बंद पडले तर तुमची तेवढी नावं बंद पडतील, बाकी जग चालू राहील. मला विचाराल तर तुमच्या गटाने सहा महिने एवढंच करावं.

पूर्ण रूट चालवण्याला खरा अर्थ येतो तो दोन वेळा. एक, अधिकृत रूट कोणाच्या तरी दबावाखाली बदलला जाईल असा अविश्वास असेल तेव्हा. युरोपात २००२ मध्ये सुरू झालेलं ओपन रूट सर्व्हर नेटवर्क याच भूमिकेचं होतं: स्वतःची टीएलडी जोडायची नाहीत, अधिकृत झोनचीच प्रत स्वतंत्र सर्व्हरवरून द्यायची. दोन, शिकायचं आणि प्रयोग करायचे असतील तेव्हा. यती प्रकल्पाने २५ रूट सर्व्हर फक्त आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवर चालवून पाहिले. तेराची मर्यादा ओलांडली तर काय होतं, सह्यांच्या किल्ल्या बदलताना कुठे अडतं, हे सगळं आरएफसी ८४८३ मध्ये मांडलेलं आहे. तुमचा बेत ठाम असेल तर ते आधी वाचून काढा.

इतकं ऐकूनही करायचंच असेल, तर पहिला खड्डा दाखवतो. नव्याने करणारा प्रत्येक जण यात पडतो.

अधिकृत झोन फाइल उतरवली, खाली आपल्या टीएलडीच्या ओळी जोडल्या, सर्व्हर सुरू केला. थेट सर्व्हरला विचारलं तर आपलं नाव झकास सापडतं. रिझॉल्व्हरमार्फत विचारलं की ‘असं नावच नाही’. दोन तास डोकं आपटल्यावर कळतं की हिंट्स फाइल ही फक्त ओळखचिठ्ठी आहे. रिझॉल्व्हर सुरू होताच त्या चिठ्ठीतल्या कोणा एकाला विचारतो, ‘रूटचे नेमसर्व्हर कोण?’, आणि येईल ते उत्तर खरं धरून चिठ्ठी बाजूला ठेवतो. याला प्रायमिंग म्हणतात. तुम्ही फाइल जशीच्या तशी उचललेली असते, म्हणून तुमचा सर्व्हर प्रामाणिकपणे सांगतो: ‘ए ते एम.’ रिझॉल्व्हर निघून जातो त्यांच्याकडे. आलेला पाहुणा तुम्ही स्वतःच दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला.

म्हणून झोनच्या माथ्यावरच्या नोंदी, म्हणजे एसओए (झोनचा आवृत्ती क्रमांक आणि मुदती सांगणारी नोंद) आणि रूटच्या एनएस (नेमसर्व्हरची नावं सांगणाऱ्या) ओळी, काढून तिथे स्वतःच्या घालायच्या आणि आपल्या सर्व्हरच्या नावांचे पत्तेही सोबत द्यायचे. नावांच्या शेवटचा टिंब विसरू नका. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या डॉट एसई झोनमध्ये एका स्क्रिप्टने नावांमागचा टिंब गाळला आणि सबंध देशाची डोमेन अडकली. आणखी एक भाबडी युक्ती लोक करतात: हिंट्समध्ये ते तेरा तसेच ठेवून चौदावा आपला. त्याने काहीही साधत नाही. कधी चालतं, कधी नाही, आणि ‘कधी कधी’ चालणारी गोष्ट दुरुस्त करणं सगळ्यात जिकिरीचं.

रचना साधी ठेवा. एक लपलेला मास्टर, ज्याला बाहेरचं कोणी प्रश्न विचारू शकत नाही. तिथे झोन तयार करायचा, सही करायची, आणि टीसिग किल्लीने (पाठवणारा खरा आहे हे पटवणाऱ्या सामायिक किल्लीने) बाकीच्या दोन सर्व्हरना पाठवायचा. त्या दोघांवर वेगवेगळी सॉफ्टवेअर चालवा, एकावर एनएसडी, दुसऱ्यावर नॉट किंवा बाइंड, म्हणजे एकातल्या दोषाने दोघं एकदम आडवे होणार नाहीत. त्यांच्यावर रिकर्शन (दुसऱ्यांना विचारून उत्तर शोधून देणं) पूर्ण बंद. उत्तरांच्या वेगाला मर्यादा लावा, नाहीतर खोट्या पत्त्यावरून लहान प्रश्न विचारून तुमच्या मोठ्या उत्तरांचा मारा तिसऱ्याच कोणावर करणारे दोन दिवसांत येतील. वाढदिवसाच्या पार्टीला न बोलावता येतात तसे. क्षमतेची काळजी मात्र करू नका. रूटकडे येणारे बहुतेक प्रश्न कचराच असतात. एके काळी क्रोम ब्राउझर सुरू होताना तीन अर्थहीन नावं विचारून नेटवर्क तपासायचा आणि मोठ्या रूट सर्व्हरवरचा जवळपास निम्मा भार तेवढ्यानेच व्हायचा. २०२० च्या अखेरीस तो कमी झाला.

रोजचं काम म्हणजे विलीनीकरण. अधिकृत झोन दिवसातून साधारण दोनदा बदलतो. तो आणायचा, गाळायचा, आपला जोडायचा, सही करून सोडायचा. इथेच माझा मोठा अपघात झाला.

एका रात्री फाइल उतरताना जोडणी मध्येच तुटली. शेवटची ओळ अर्धवट होती. माझ्या स्क्रिप्टला मी फार हुशार करून ठेवलं होतं: अर्धवट ओळ दिसली तर गाळ आणि पुढे चल. ती पुढे गेली. झोन नीट वाचला गेला, सही झाली, सिरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) वाढला, दोन्ही सर्व्हरनी तो घेतला. कुठेही लाल अक्षर नाही. सकाळी एकाची तक्रार आली की वानुआतूचं, म्हणजे डॉट व्हीयू मधलं, एक संकेतस्थळ उघडत नाही. त्यांचंच काही बिघडलं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. दुपारी दुसऱ्याचं डॉट टीव्ही अडलं. तिसरा म्हणाला, माझं तर तेच उघडतंय. डॉट कॉम सगळ्यांचं चालू, डॉट यूके काहींचं चालू.

मग उलगडा झाला. रूट झोन वर्णानुक्रमाने लावलेला असतो. तुटलेल्या फाइलीत ‘टी’ पासून पुढचं काहीच नव्हतं. पण टीएलडीच्या नोंदींची मुदत दोन दिवसांची असते, त्यामुळे ज्या रिझॉल्व्हरच्या कॅशेमध्ये डॉट यूके होतं त्यांना काही जाणवलं नाही. क्वचित लागणारी नावं आधी गेली. दुरुस्त झोन सोडल्यावरही ‘असं नावच नाही’ हे उत्तर लोकांच्या कॅशेमध्ये तासन्‌तास बसून राहिलं, कारण नकाराची मुदतही मी अधिकृत झोनमधून उचलली होती: ८६४०० सेकंद, एक अख्खा दिवस. आणि मौज म्हणजे डीएनएससेकने काहीच वाचवलं नाही. सही माझीच होती, अगदी वैध. मोडक्या फाइलीवर मीच शिक्का मारला होता.

त्यानंतर केलेले बदल तुम्ही पहिल्याच दिवशी करा. नकाराची मुदत दहा-पंधरा मिनिटांवर आणा. आदल्या झोनशी तुलना करा; एका फेरीत चार-पाचहून जास्त टीएलडी कमी झाली तर थांबायचं आणि माणसाने बघायचं. अधिकृत रूटमधून टीएलडी जातात तीसुद्धा क्वचितच. डिसेंबर २०२३ पासून अधिकृत झोनमध्ये झोनएमडी नावाची नोंद आहे, सबंध फाइलीचा ठसा. गाळण्याआधी तो ठसा आणि मूळच्या सह्या तपासून घ्या. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

सह्यांचं आता सांगतो. अधिकृत रूट जुलै २०१० पासून सही केलेला आहे. त्यात अमुक नावानंतर थेट तमुक नाव येतं, मध्ये काही नाही, असं सहीनिशी लिहिलेलं असतं. तुम्ही मध्ये आपलं टीएलडी घुसवलं की तपासणारा रिझॉल्व्हर म्हणणार, हे बनावट. म्हणून जुन्या सह्या, एनसेक (‘मध्ये काही नाही’ सांगणाऱ्या नोंदी), डीएनएसकी (रूटच्या किल्ल्यांच्या नोंदी) आणि झोनएमडी काढून टाकायचे, डीएस नोंदी (प्रत्येक टीएलडीच्या किल्लीचा ठसा) मात्र ठेवायच्या, आणि सबंध झोनवर स्वतःच्या किल्लीने नव्याने सही करायची. डीएस राहिल्यामुळे डॉट कॉम वगैरेंच्या खालची साखळी तशीच शाबूत राहते. वापरणाऱ्याने आपल्या रिझॉल्व्हरमधला ट्रस्ट अँकर, म्हणजे ज्या किल्लीवर मुळात विश्वास ठेवायचा ती, बदलून तुमचा घालायचा.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्याचा अर्थ असा की त्या माणसाची सगळी नावं, नुसती तुमची दोन नव्हेत, तुमच्या किल्लीवर अवलंबून झाली. अधिकृत रूटची मुख्य किल्ली अमेरिकेत एल सेगुंडो आणि कल्पेपर इथे, दोन ठिकाणी जपलेली आहे. प्रत्येक ठिकाणी स्वयंसेवक असलेले सात क्रिप्टो अधिकारी नेमलेले आहेत, त्यांतले किमान तीन हजर असल्याशिवाय तिजोरीतलं यंत्र चालू होत नाही, आणि वर्षातून चार वेळा हा सोहळा कॅमेऱ्यासमोर होतो. तुमची किल्ली कुठे असेल? आमची पहिलं वर्ष एका मित्राच्या लॅपटॉपवर होती. तो दोन आठवडे सुट्टीवर गेला आणि सह्यांची मुदत दोन आठवड्यांचीच होती! शेवटच्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. रूटवरची सही संपली की तपासणी करणाऱ्यांसाठी डॉट कॉमसकट सगळं बंद होतं. मुख्य किल्ली ऑफलाइन, तिच्या दोन प्रती दोन माणसांकडे, रोजच्या सहीची किल्ली वेगळी, मुदत संपायला पाच दिवस उरले की सगळ्यांना इशारा. किल्ली बदलण्याचा सराव वापरणारे दहा असतील तेव्हाच करून घ्या. आयकॅननेसुद्धा पहिला बदल एक वर्ष पुढे ढकलून ११ ऑक्टोबर २०१८ ला केला, कारण किती रिझॉल्व्हर तयार नाहीत याचा अंदाज लागत नव्हता.

आता नावांची टक्कर. तंत्राने न सुटणारा प्रश्न हाच. तुम्ही एक सुंदर टीएलडी निवडता, शंभर लोक त्यावर नावं घेतात, आणि उद्या आयकॅन तेच टीएलडी दुसऱ्या कोणाला देते. डॉट बिझचं हेच झालं. पर्यायी रूटमध्ये ते आधीपासून चालू होतं. आयकॅनने नोव्हेंबर २००० मध्ये त्याच नावाचं स्वतःचं मंजूर केलं आणि एकाच नावाची दोन जगं झाली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने आरएफसी २८२६ मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं: नाव एकमेव राहायचं असेल तर रूट एकच हवा. मी पर्यायी रूट चालवलेला माणूस आहे, तरी सांगतो, त्या दस्तऐवजातल्या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. टक्कर झाली की तुम्ही दोनच गोष्टी करू शकता: आपल्या लोकांची नावं बुडवा, किंवा त्यांना उरलेल्या जगातल्या खऱ्या साइटपासून तोडा. यांतलं काय करणार, हे पहिलं नाव देण्याआधी लिहून ठेवा आणि नाव घेणाऱ्याला वाचायला द्या.

टक्कर टाळायची तर राखीव नावांत घुसा. डॉट इंटर्नल हे आयकॅनने जुलै २०२४ मध्ये खासगी वापरासाठी कायमचं बाजूला काढलं. डॉट आल्ट हे डीएनएसबाहेरच्या नामपद्धतींसाठी आरएफसी ९४७६ ने राखलं आहे. डॉट होम, डॉट कॉर्प आणि डॉट मेल आयकॅनने २०१८ मध्ये बेमुदत थांबवून ठेवली, कारण ती आधीच असंख्य खासगी नेटवर्कांत वापरात आहेत. पण थांबवणं म्हणजे राखणं नव्हे, तिथे पाय ठेवू नका.

टीएलडी वाटणं म्हणजे जबाबदारीही आली. ओपननिक हा पर्यायी रूट २००० सालापासून चालू आहे, या क्षेत्रातलं सगळ्यात चिवट उदाहरण. नेमकॉइन या ब्लॉकचेनवरच्या नामपद्धतीचं डॉट बिट ते सोबत दाखवत असत. तिथे मालवेअरवाल्यांनी ठाण मांडलं. ती नावं कोणी काढू शकत नव्हतं, आणि बदनामी मात्र सर्व्हर चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या वाट्याला यायची. २०१९ मध्ये त्यांनी मतदान घेऊन ते सोडलं. तक्रार आली तर कोण वाचणार, किती तासांत, नाव काढायचा अधिकार कोणाला, हे ठरवा.

वापरणाऱ्यांच्या बाजूने काय दिसेल तेही ऐका. अनोळखी टीएलडी टाइप केलं की ब्राउझर शोध सुरू करतो. शेवटी तिरकी रेघ द्यावी लागते. साइट खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या सार्वजनिक प्रमाणपत्र संस्था अशा नावांना प्रमाणपत्र देत नाहीत, २०१५ नंतर तो मार्ग बंदच झाला. स्वतःची प्रमाणपत्र संस्था काढलीत, तर तिच्या मूळ प्रमाणपत्रात नावांची मर्यादा घाला, म्हणजे ती फक्त तुमच्या टीएलडीपुरतीच वैध राहील. नाहीतर तुम्ही लोकांकडे त्यांच्या बँकेच्या नावाचंही प्रमाणपत्र बनवण्याची ताकद मागताय. ईमेलचं तर विसराच: समोरच्या सर्व्हरला पाठवणाऱ्याचं डोमेन सापडत नाही, तो दारातूनच परत पाठवतो. आणि ब्राउझरने स्वतःहून एचटीटीपीएसवरचं डीएनएस वापरायला सुरुवात केली की तुमचा रिझॉल्व्हर बाजूलाच पडतो. ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारींचं अर्ध्या वेळी हेच कारण निघतं.

शेवटचं, ज्याचा सुरुवातीला कोणीच विचार करत नाही: बंद कसं करायचं. हिंट्स फाइलीतले पत्ते लोक एकदा लिहितात आणि विसरतात. ‘जे’ रूटचा पत्ता नोव्हेंबर २००२ मध्ये बदलला आणि तेरा वर्षांनीही जुन्या पत्त्यावर प्रश्न येतच होते. ‘एल’ चा पत्ता २००७ मध्ये बदलल्यावर जुन्या पत्त्यावर भलत्यांनीच रूट सर्व्हर चालवलेले २००८ मध्ये आढळले. तुमचे तीन सर्व्हर भाड्याचे आहेत. भाडं थांबवलंत की तेच आयपी पत्ते दुसऱ्या भाडेकरूला मिळतील, आणि तुमच्या विसरलेल्या वापरणाऱ्यांचा रूट तो होईल. तेव्हा पत्ते सेवा पुरवणाऱ्याचे न घेता हलवता येतील असे स्वतःचे घ्या. ते परवडत नसेल तर बंद करायचं ठरल्यावर निदान वर्षभर आधी झोनच्या माथ्यावरच्या एनएस नोंदी पुन्हा अधिकृत ‘ए’ ते ‘एम’ करून ठेवा आणि अँकर परत बदलायची सूचना सगळ्यांना द्या. ज्या चुकीने सुरुवातीला पाहुणे दुसऱ्याच्या दारात जात होते, तीच तेव्हा मुद्दाम करायची.